आत्ममग्न मालकापुढे गप्प राहणं : शहाणपण की भित्रेपणा?

चोपड्याचा कापूस
जळगावकडच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेबाला आहे. अवकाळीनंतर आलेल्या ट्रॅक्टरच्या कापसात ग्रेडरने मीटर खुपसला. ओलावा 15. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, 12 टक्क्यांपुढे घेत नाही, हे पोऱ्यालाही ठाऊक. पण सौदा मालकांनी स्वतः, पाहुण्यांसमोर ठरवलेला. "माले शिकाडस का?" एवढंच म्हणाले. माल गंजीत गेला, गंजी तापली, रुई पिवळी पडली. आता ग्रेडर मीटर खिशातून काढतच नाही. "शेठ म्हणतील ते." अशा माणसाला भित्रा म्हणायचं का?

एमआयडीसी सेकंड शिफ्ट
भित्रा नाही, पण वेळ चुकली. पाहुण्यांसमोर कशाला? चहा झाल्यावर बाजूला घेऊन सांगायचं. आणि आत्ममग्न काय फक्त मालकच असतात? आमच्या चटई कारखान्यातला एक सुपरवायझर मीटिंगमध्ये सगळ्यांत जास्त बोलतो. सुरुवात ठरलेली : "मी तेव्हाच सांगितलं होतं." एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवणारं मशीन, जास्त तापतोय हे मात्र ऑपरेटर पोराने सांगितलं. ह्याने त्यालाच झापलं, "मला विचारल्याशिवाय वर गेलास कसा?"

केळीबाग रावेर
बाजूला घेईपर्यंत ट्रॅक्टर रिकामा झाला असता, भाऊ! एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक. त्यांनी 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त निघाली, कारण तिथे लोक चूक उघड सांगत होते. मालकाला "सगळं ठीक आहे" एवढंच ऐकू येत असेल, तर त्याने घाबरायला हवं.

एमआयडीसी सेकंड शिफ्ट
मान्य. पण तापट म्हणजे आत्ममग्न नव्हे. आत्ममग्नता मोजणारी रॅस्किन-टेरी यांची 1988 ची चाचणी आहे, विधानांच्या 40 जोड्यांची. गुण कमी-जास्त सगळ्यांनाच पडतात, तुम्हा-आम्हालाही. सकाळी शिवी देऊन दुपारी "काय रे, किती होता तो आकडा?" विचारणारे शेठ आपल्याकडे ढिगाने आहेत. एका शब्दावरून शिक्का कशाला मारता?

चोपड्याचा कापूस
दुपारी नाही विचारलं. संक्रांतीला विचारलं, तेही "मला कोणी सांगितलं का नाही?" असं. ग्रेडर समोरच उभा होता. आवक वहीत त्या गाडीपुढे 15 लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

वही माझ्या हातात होती. मी ती उघडली नाही.