ड्यूकच्या पोरांबद्दल आत्ताच मत बनवावं का?

केरीतला_सांगलीकर (6 डिसेंबर 2024)
मंडळी, बास्केटबॉल मला चारच वर्षांपासून कळायला लागलंय, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. आपल्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या टीमच्या यंदा आठ मॅच झाल्या, सहा जिंकल्या. मेनला 96-62, आर्मीला 100-58, वॉफर्डला तर 86-35 असं धुतलं, तेव्हा घरात आमचं ठरलंच होतं की यंदा कप आपलाच. पण केंटकीकडून 77-72 आणि कॅन्ससकडून 75-72 हरलो, आणि कॅन्ससच्या मॅचमध्ये तर त्यांचा मोठा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) डिकिन्सन सेकंड हाफमध्ये रेफरीने बाहेर काढला होता तरी आपण हरलो!! परवा ऑबर्नला 84-78 हरवलं म्हटल्यावर पोरगा परत नाचतोय. नक्की कोण चांगलं खेळतंय आणि कोण नुसतं हवेत आहे, हे एवढ्यात कळतं का? माझा राग मुख्यतः आपल्या गार्डवर, म्हणजे बॉल पुढे आणणाऱ्या प्रॉक्टरवर आहे, तिसरं वर्ष आहे त्याचं, अजून एक दिवस हिरो दुसऱ्या दिवशी गायब.

ढोलताशा_डरॅम
आधी वॉफर्ड वगैरे बाजूला काढ, गल्लीतल्या बोलिंगवर शतक मारलं म्हणून कोणी कसोटीला घेत नाही. केंटकी, ॲरिझोना, कॅन्सस, ऑबर्न, या चारच मॅच बघ. आपला फ्लॅग, केंटकीविरुद्ध 26 पॉइंट आणि 12 रिबाउंड (हुकलेला शॉट पकडणं), पण शेवटच्या मिनिटात बॉल घालवला. स्कोअर बरोबरीत, हा गिरकी घेत आत घुसतोय आणि केंटकीचा ओवेह तिथे हात घालायला तयारच. तेवढ्यावरून लोक म्हणाले प्रेशर झेपत नाही. अरे तो अजून 17 वर्षांचा आहे, 21 तारखेला 18 होईल! ॲरिझोनाच्या घरी जाऊन 24 मारले ते कोणी बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच की शेवटी बॉल त्याच्या हातात द्यायचा की नाही हा प्रश्न कोच शायरचा आहे, पोराचा नाही.
प्रॉक्टरचं म्हणशील तर त्याचे पॉइंट मोजू नकोस, समोरचा चांगला गार्ड त्या दिवशी किती दमला ते बघ.

खडूस_सेंटर
मी युनिव्हर्सिटीला सेंटर खेळायचो (उंची 6 फूट 1, हसू नका) म्हणून फक्त आपल्या सेंटरकडे, मालुआचकडे बघतो. 7 फूट 2 इंच, साउथ सुदानचा, यंदा पॅरिसला ऑलिंपिक खेळून आलाय, आणि बास्केटबॉल हातात घेऊन त्याला धड सहा वर्षंही झाली नसतील. स्कोअरशीटवर तो दिसणारच नाही. मॅच परत लाव आणि बॉलकडे बघूच नकोस. समोरचा गार्ड जोरात आत येतो, हा नुसते हात वर करून उभा, आणि तो गार्ड तिथूनच वळून बॉल बाहेर देतो. ते कुठल्या कॉलममध्ये लिहायचं? बाकी मनगटी ताकद असलेला जुना सेंटर त्याला ढकलून जागा घेतो हे खरंय, ते जिममध्ये भरून निघेल, या सीझनमध्ये कितपत ते माहीत नाही.
आणि बेंचवरचा मलीक ब्राउन, सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीतून आलेला. बॉलला त्याची बोटं सारखी लागतात. मला तर तो सगळ्यात आवडतो, भांडायला या.

चिवडा_आणि_थ्री
आणि इव्हन्स??? ऑबर्नसमोर पहिल्याच हाफमध्ये सहा थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटवाले शॉट)! त्याला आत्तापर्यंत बेंचवर कुजवत का ठेवला होता, कोणी सांगेल का

ढोलताशा_डरॅम
@चिवडा कारण डिफेन्स. सहा थ्री पडले म्हणून सगळ्यांना आनंद, पण ऑबर्नवाले त्याच्याच अंगावर येत होते तेही बघ की. रोज वीस मिनिटं दे म्हणणार असशील तर कनिपलला बसवणार का? तो पण फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा, शॉट पडला नाही तरी पास बरोबर देतो.

चिवडा_आणि_थ्री
कनिपलला कोण बसवतंय, आपला दुसरा गार्ड फॉस्टर, त्याची मिनिटं दे म्हणतोय मी. नाहीतर सायन जेम्स आहेच की, चार वर्षं टुलेन युनिव्हर्सिटीला घासून आलाय, अंगाने पण दणकट.

केरीतला_सांगलीकर
खडूसदादा, काल रात्री तुम्ही म्हणालात तसं बॉल सोडून बघितलं. आई सांगलीहून आलीये, शेजारी बसली होती, तिला खेळातलं काही कळत नाही, पण दहा मिनिटांनी म्हणाली, “तो उंच पोरगा काही करत नाही, तरी सगळे त्याला वळसा घालून का जातात रे?” मी गप्प. प्रॉक्टरवरचा राग मात्र अजून गेलेला नाही, रविवारी लुइव्हिलला काय करतोय ते बघून सांगतो.