पाडव्याला बालीत, आणि तिथे सगळं बंद?

डोंबिवलीकर_०७
मंडळी, आईबाबांना घेऊन बालीला चाललोय. १८ मार्च २०२६ला संध्याकाळी उतरतोय. तिकिटं काढून झाल्यावर एजंट सांगतो की १९ला तिकडे ‘न्येपी’ आहे, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाचा शांततेचा दिवस, हॉटेलबाहेर पाऊल टाकता येत नाही. आणि १९लाच आपला पाडवा! आई म्हणते, वर्षाचा पहिला दिवस खोलीत कोंडून काढायचा का? तारखा बदलू? तिला गुढीही उभारायची आहे, चालेल ना?

माहेरवाशीण_सातारा
तारीख बदलायचीच तर अलीकडे घ्या, पलीकडे नको. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बालीतल्याच उबुडजवळ एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो, त्यातला २०१८चा न्येपी सांगते.

आदल्या दिवशी अमावस्या. संध्याकाळी गावातली पोरं ‘ओगोह-ओगोह’ काढतात. बांबूच्या सांगाड्यावरचे अक्राळविक्राळ राक्षस, सुळे बाहेर आलेले, पंचवीस-तीस जण खांद्यावर घेऊन नाचवतात आणि चौकात आला की गरगर फिरवतात. घरोघरी भांडी बडवतात, भुतंखेतं पळवायला. रस्ते बंद असतात, म्हणून तुमची संध्याकाळची फ्लाइट मला धोक्याची वाटते. टॅक्सी अडकली की बसा. दुपारच्या आत पोचा.

मग सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत चार नेम: आग-दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. मोबाइलचं इंटरनेट त्याच वर्षी पहिल्यांदा बंद केलं होतं, नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रात्री मी पाण्याची बाटली घ्यायला फ्रिज उघडला. त्या दिव्याचा उजेड खिडकीबाहेर गेला असावा, लगेच बाहेरून कुणीतरी खिडकीवर बॅटरी मारली. ते पेचालांग, गावचे राखणदार, कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं कापड. मी फ्रिज असा लावला की पुन्हा सकाळपर्यंत हात लावला नाही! पण मागच्या अंगणात जाऊन वर बघितलं. एवढ्या चांदण्या मी साताऱ्यातही लहानपणीच पाहिल्या होत्या.

त्या वर्षी न्येपी १७ मार्चला आणि पाडवा १८ला. ‌न्येपीच्या दुसऱ्या दिवशी तिकडे लोक नातेवाइकांकडे जाऊन झाल्यागेल्याची माफी मागतात. मी सकाळी व्हरांड्यात गुढी उभारली. कडुनिंब मिळाला नव्हता, तांब्याऐवजी स्टीलचा डबा उपडा घातलेला. घरमालकीण, तिला आम्ही इबू म्हणायचो, बघून म्हणाली, “पेन्जोर?” त्यांच्या गालुंगान सणाला दारोदार उंच बांबू लावतात, शेंडा वाकलेला, नारळाच्या कोवळ्या पात्यांनी सजवलेला, तोच पेन्जोर. तो सण दर २१० दिवसांनी येतो, त्यामुळे आपल्या पंचांगाशी जुळवत बसू नका. मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, आमचं नवं वर्ष, शके १९४०. ती हसली. कालपासून त्यांचंही १९४०च सुरू झालं होतं.

आत जाऊन तिनं एक चानांग आणलं आणि गुढीखाली ठेवलं. चानांग म्हणजे रोजचा नैवेद्य, तळहाताएवढी पात्यांची चौकोनी परडी. पूर्वेला पांढरं फूल, दक्षिणेला तांबडं, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं किंवा हिरवं. फुलांखाली विड्याचं पान, चुना, सुपारी. मी तिच्याकडून शिकायचा प्रयत्न केला होता. पाती बांबूच्या बारीक काड्यांनी टाचतात, आपण पत्रावळ चोयांनी टाचतो तश्शी. माझ्या परडीला कोपरेच यायचे नाहीत. (बाजारात हल्ली स्टेपलर मारलेल्याही मिळतात, इबू त्यांना नाक मुरडायची.)

रिकामटेकडा
ताई, छान लिहिलंय. डोंबिवलीकर, तुम्ही फक्त काकूंना आधीच सांगा, ‘हिंदू आहेत’ म्हणजे आपल्यासारखं जेवतात असं नाही. सणाला डुक्कर असतंच. भाजीच्या तिखटातही ‘तरासी’ म्हणजे कोळंबीची चटणी असते, विचारल्याशिवाय खाऊ नका. आणि १९ला बाहेरून काहीही येणार नाही, खाऊ जवळ ठेवा.
एक शंका: २०२४ला न्येपी ११ मार्चला होता आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. मग ‘एकच पंचांग’ कसं?

माहेरवाशीण_सातारा
एकच म्हणाले नाही, शक एकच. अधिक महिना घालायची त्यांची रीत वेगळी, म्हणून कधी महिन्याचा फरक पडतो. यंदा मात्र दोन्ही एकाच दिवशी, शके १९४८.

डोंबिवलीकर_०७
आईला वाचून दाखवलं. आता तीच म्हणते, १७लाच पोचू. तिकिटं बदलायचा दंड बाबांच्या खिशातून. पुरणपोळ्या घरून नेणार. निरांजनाचं काय करू?

माहेरवाशीण_सातारा
पहाटे पावणेसहाला ओवाळून घ्या, सहाच्या आत विझवा. गुढी बाल्कनीत आतल्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही अशी. आणि हॉटेलवाल्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर काठी बघून घाबरतील.