कोजागिरीच्या ताटात शेवंड?

विषय: कोजागिरी मेनू, एक आयडिया!!
प्रेषक: शुभदा (खाद्यसमिती)

नमस्कार मंडळी,
मेनू जवळजवळ ठरलाय: मसाला दूध, बटाटेवडे, भेळ. पण "दर वर्षी तेच" अशी तक्रार असते (नाव घेत नाही, शेजारीच बसलाय). आपला निरंजन समुद्रात बुडी मारून लॉब्स्टर, म्हणजे आपली शेवंड, धरतो आणि इथे कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोत तिचा सीझन यंदा कोजागिरीच्या आधीच उघडतोय. तीसेक आणल्या तर शेवंड मसाला करता येईल. सासूबाईंनी पाठवलेला मालवणी मसाला माझ्याकडे आहे. ताट १५ डॉलरचं २० करू. निरंजन, जमेल ना रे?
शुभदा

—

विषय: उत्तर: कोजागिरी मेनू, एक आयडिया!!
प्रेषक: कुमुदकाकू

दूध आणि शेवंड एका ताटात? अगं, विरुद्धाहार! मी वडे खाऊन निघेन.

—

विषय: उत्तर: कोजागिरी मेनू, एक आयडिया!!
प्रेषक: निरंजन

शुभदाताई,
मालवणी मसाला वाचून तोंडाला पाणी सुटलं, पण नाही जमणार. (काकूंचा मुद्दा मी बाजूला ठेवतो, माझी आईही हेच म्हणाली असती.)

एका माणसाला दिवसाला ७ शेवंडी, आणि जवळ बाळगायच्याही ७ च, फ्रीजरमधल्या धरून. आज सात, उद्या सात असा साठा करता येत नाही. तिसांसाठी सव्वाचार निरंजन लागतील. इथे एकच आहे, तोही गेल्या सीझनला दोनदा रिकाम्या पिशवीने घरी आलेला.

खरी अडचण पुढेच आहे. हौशी परवान्यावर धरलेलं काहीही विकता येत नाही. ताटाचे पैसे घेऊन त्यात शेवंड वाढली की ती विक्रीच झाली. आपण तिला वर्गणी म्हणू, पण वॉर्डनसमोर (मासेमारीचे नियम तपासणारा सरकारी अधिकारी) तो शब्द किती टिकेल? घरी चौघांना जेवायला बोलावून वाढणं निराळं, तिथे कुणाची हरकत नाही.

शिवाय पौर्णिमा. लख्ख चांदण्यात शेवंडी कपारीतून फारशा बाहेर पडत नाहीत असं इथले जुने डायव्हर सांगतात. म्हणजे आपण जागे आणि त्या घरात!

विषय निघालाच आहे, आणि गेल्या वर्षी तिघा-चौघांनी वेगवेगळं विचारलं होतं, तर इथेच लिहितो. ऑक्टोबरचा पहिला बुधवार असतो ना, त्याच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता सीझन उघडतो आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालतो. सिलिंडर लावून बुडी मारलेली चालते, पण धरायचं फक्त हाताने. भाला, आकडा, फास काही नाही. वय १६ किंवा जास्त असेल तर मासेमारीचा परवाना लागतो. लॉब्स्टरचं रिपोर्ट कार्ड मात्र प्रत्येकाला लागतं, लहान पोरांनासुद्धा. पाण्यात उतरण्याआधी त्यावर तारीख आणि जागा लिहायची, निघताना किती धरल्या ती संख्या. काही मिळालं नाही तर शून्य लिहायचं. ला होया कोव्ह राखीव क्षेत्रात आहे, तिथे फक्त बघायचं.

आणि माप. सव्वातीन इंच. डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत, पाठीच्या मधोमध, सरळ रेषेत. मिशा आणि शेपूट धरायची नाही. बुडी मारणाऱ्याने मोजायचं पाण्यातच, गेजने, म्हणजे या मापाची खाच असलेल्या प्लास्टिकच्या तुकड्याने. लहान शेवंड पिशवीत टाकायची नाही, वरही आणायची नाही.
निरंजन

—

विषय: उत्तर: उत्तर: कोजागिरी मेनू
प्रेषक: श्रीकांतकाका

निरंजन, माहितीबद्दल आभार. पण केसाएवढ्या फरकाने हातातली सोडून द्यायची हे पटत नाही बुवा. मी मालवणचा. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांत वाढलो. शेवंड नजरेला पडली की किती भरेल ते सांगतो. त्यासाठी प्लास्टिकचा तुकडा कशाला?

—

विषय: माप (होता: कोजागिरी मेनू)
प्रेषक: निरंजन

काका,
तुमच्या नजरेवर माझा विश्वास आहे, होडीत किंवा बाजारात. पाण्याखाली मास्कमधून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते. तिथे माझी, तुमची, कुणाचीच नजर चालत नाही. गेजही तितकाच फुगून दिसतो, म्हणून मोजमाप मात्र बरोबर येतं.

गेल्या सीझनची पहिली रात्र सांगतो. पॉइंट लोमाच्या बाजूला, साधारण पंचवीस फुटांवर. केल्पच्या (उंच वाढणारं समुद्री शेवाळ) बुडाशी एक आडवा खडक, त्याखालून दोन जाड मिशा हलताना दिसल्या आणि टॉर्चमध्ये डोळे चमकले. दिसायला चांगली पायलीएवढी! मिशा धरायच्या नसतात, त्या तुटून हातात राहतात आणि शेवंड शेपटीच्या एका फटक्यात मागच्या मागे पसार होते. मी पाठीवर पंजा टाकून तिला वाळूत दाबली. ती कर्रकर्र करायला लागली. मिशांच्या बुडाशी काहीतरी घासून ती तो आवाज काढते, पाण्यात अगदी स्पष्ट ऐकू येतो. एका हाताने ती, दुसऱ्या हाताने मनगटाला बांधलेला गेज. गेजचं एक टोक खोबणीला टेकवलं, दुसरं हळूच खाली आणलं. ते कवचाच्या मागे अलगद उतरलं.

नवीन माणूस इथेच फसतो. गेज छान बसला म्हणून खूष होतो. उलटं आहे. गेज बसला तर शेवंड लहान. मागचं टोक कवचावर अडलं पाहिजे. त्या रात्री तीन धरल्या, तिन्हीवर गेज बसला, तिन्ही सोडल्या. चौथी अडली. घरी आलो तेव्हा बायकोने पिशवीत डोकावून विचारलं, "एवढ्यासाठी चार तास?"

आणि हे काटेकोरपण माझ्यात जन्मजात नाही. पहिल्या वर्षी घाईत एक न मोजता पिशवीत टाकली होती, "दिसतेय की मोठी" म्हणून. किनाऱ्यावर वॉर्डन उभी होती. तिने शांतपणे पिशवी रिकामी केली, स्वतःचा गेज काढला, एकेक मोजली. ती एक, नखाच्या जाडीएवढी कमी. तिने मला गेज लावून दाखवला, मग दंडाचं तिकीट फाडलं. चूक माझीच होती, त्यामुळे वाद घालायलाही जागा नव्हती.
निरंजन

—

विषय: उत्तर: माप
प्रेषक: मृण्मयी

मी एरवी या लिस्टवर फक्त पार्किंगबद्दल लिहिते, पण हे वाचून राहवलं नाही.

आमचं घर वर्सोव्याचं. माझ्या लहानपणी बाबा ट्रॉलरवरून आणत त्यात त्या चपट्या शेवंडी असायच्या, पुढे फावड्यासारख्या पाती असलेल्या, लांब मिशा नसलेल्या. आई रविवारी त्यांचं सुकं करायची. मग त्या दिसेनाशा झाल्या. आम्हाला वाटलं, आता महाग झाल्या म्हणून बाबा आणत नसतील. पुढे कॉलेजात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं लिखाण वाचनात आलं: मुंबईसमोरची ती मासेमारी १९९४ च्या सुमारास कोसळली. अंड्यांवरच्या माद्या आणि पिल्लं सगळी जाळ्यात येत होती. २००३ मध्ये निर्यातीसाठी किमान वजन ठरलं. चपट्यांना १५० ग्रॅम, आपल्या बाजूच्या मिशीवाल्या शेवंडीला ३०० ग्रॅम. चपट्यांच्या बाबतीत तोवर मुंबईत वजन करायला उरलं काय होतं?

इथली शेवंड सव्वातीन इंच व्हायला सातेक वर्षं तरी घेते. तोवर मादीची एखाददोन वेळा अंडी घालून होतात. काका, केसाएवढा फरक म्हणताय तो कधीकधी तिचा तेवढा एक हंगाम असतो.

बाकी हॉलच्या मागचं पार्किंग या वेळीही ८ नंतर बंद आहे, कृपया लक्षात ठेवा.
मृण्मयी

—

विषय: उत्तर: उत्तर: माप
प्रेषक: श्रीकांतकाका

मृण्मयी, चपट्या शेवंडी आठवतात. बरं. निरंजन, गुडघ्यामुळे मला बुडी मारता येत नाही. पिअरवरून, म्हणजे धक्क्यावरून, काही जमतं का?

—

विषय: मेनू फायनल
प्रेषक: शुभदा

दूध, वडे, भेळ. ताट १५ डॉलरच. कुमुदकाकू, आता तरी शेवटपर्यंत थांबा. मालवणी मसाला निरंजनच्या घरी पोचवते, जेवायला बोलावलं नाहीस तर परत घेईन.

—

विषय: उत्तर: उत्तर: माप
प्रेषक: निरंजन

काका, जमतं की. शेल्टर आयलंडच्या पिअरवरून हूप नेट (गोल कड्याला बांधलेलं जाळं) टाकू, माणशी दोन चालतात. सार्वजनिक पिअरवर मासेमारीचा परवाना लागत नाही, पण रिपोर्ट कार्ड लागतं, ते आधी काढून ठेवा. आमिषाला बांगडा मी आणतो. जाळं वर आलं की लगेच मोजायचं आणि लहान असेल ती तिथल्या तिथे पाण्यात. रात्री गार वारा असतो, कानटोपी घ्या. गेज माझ्याकडे जास्तीचा आहे.