ब्लोअर लावून पेटवलेल्या पाईपला रॅमजेट म्हणायचं का?

सिंहगडरोडकर: काल इथे एकाने टाकलं, "घरच्या घरी रॅमजेट, टेरेसवर, ब्लोअर लावून", आणि खाली नुसत्या टाळ्या. राहवलं नाही म्हणून लिहितोय. रॅमजेट हे जेट इंजिनच, पण त्याला कॉम्प्रेसर (हवा दाबणारा फिरता भाग) नसतो, हवा दाबायचं काम वेगच करतो. ब्लोअरची हवा ताशी 250 किमी धरली तरी ती आत अडवल्यावर दाब वाढतो जेमतेम 3 टक्के. मॅक 2 ला, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाला, तोच जवळजवळ आठपट होतो. म्हणून तर आकाश क्षेपणास्त्र काय, ब्रह्मोस काय, आधी रॉकेटनेच ढकलावं लागतं. फ्रान्सचं लेडुक हे रॅमजेटचं विमान 1949 ला दुसऱ्या विमानाच्या पाठीवर बसवून वर नेलं होतं. टेरेसवर पेटली ती लांबट शेगडी. पोरांना चुकीचं शिकवू नका.

टेरेसवाला: पोस्ट माझीच आहे. उडवतोय असं कुठे म्हटलं मी? तीन महिने रोज ऑफिसवरून आलो की डिफ्युजरचा (हवा आत घेणाऱ्या, रुंद होत जाणाऱ्या तोंडाचा) कोन बदलून बघतोय, जाळ पुढे सरकून विझायचा, मग व्ही आकाराची पट्टी आडवी टाकली तेव्हा कुठे जाळ तिच्यामागे धरून राहिला. हे पुस्तकात वाचून कळत नाही, आणि तुम्ही शेगडी म्हणून मोकळे.

चिंचवडचा: सिंहगडरोडकर, कमी वेगाला रॅमजेट चालतच नाही असं नाहीये. हिलर हॉर्नेट हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या टोकाला रॅमजेटच होते. तेल बेसुमार प्यायचे पण चालायचे.

सिंहगडरोडकर: ती पातीसुद्धा आधी फिरवून वेग द्यावा लागायचा, हे सोयीस्कर विसरलात.

भोसरी एमआयडीसी: नावाचं भांडण सोडा, फोटो झूम करून बघा. तो पाईप जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, वाटतोय मला! माझ्या शेडमध्ये हेल्परने एकदा जीआय पाईप तसाच वेल्ड केला, जस्त न घासता, शटर अर्धं खाली. पांढरा धूर, हवेत कापसासारखे तंतू. संध्याकाळी पोरगं दोन गोधड्यांत कुडकुडतंय, तोंडाला लोखंडाची चव म्हणतंय. जस्त 907 डिग्रीला उकळतं, आणि ह्या जाळात पाईप लालभडक होतो.

चिंचवडचा: आमच्याकडे वेल्डरला गूळ आणि दूध देतात, काही होत नाही.

वेल्डरची मुलगी: काही होत नाही?? माझे बाबा बावीस वर्षं गूळ खाऊन वेल्डिंग करत होते. धूर फुप्फुसात जातो, गूळ पोटात, कशाचा कशाशी संबंध. गूळ स्वस्त पडतो म्हणून मालक गूळ देतो, मास्क आणि एक्झॉस्ट फॅन मागितला की "तुला जमत नसेल तर दुसरा बघतो". आज बाबांना दुसरा मजला चढताना मध्ये बसावं लागतं.

चिंचवडचा: ताई, सगळे मालक तसे नसतात. माझ्याकडे मास्क आहेत, पोरंच घालत नाहीत, उकडतं म्हणतात.

वेल्डरची मुलगी: मग फॅन लावा. तुमच्या केबिनला एसी असेल ना?

भोसरी एमआयडीसी: ताईचं बरोबर आहे. त्या दिवशी मीपण दूधच पाजलं होतं पोराला. फॅन नंतर बसवला.

सिंहगडरोडकर: मूळ मुद्दा राहिला. टेरेसवाले, जाळ धरून ठेवायचा प्रयोग म्हणून मान्य, लॅबमध्येही बाहेरून हवा देऊनच कम्बस्टर (इंजिनाचा जाळ पेटतो तो भाग) तपासतात, फक्त ती दाबलेली आणि तापवलेली असते. रॅमजेट हे नाव मात्र मला मान्य नाही. आणि घरगुती सिलेंडर लावला असेल तर तो आधी खाली न्या.

टेरेसवाला: टायटल बदलतो, "रॅमजेट कम्बस्टरची चाचणी". सिलेंडर घरचाच होता, काढतो. पाईप रविवारी जुन्या बाजारातून आणला, विकणारा स्टील म्हणाला.

भोसरी एमआयडीसी: 304 स्टेनलेस स्टील असेल तर सहसा लोहचुंबक धरत नाही. फ्रीजवरचा काढ आणि लावून बघ, आत्ता.

टेरेसवाला: चिकटलं. घट्ट.

वेल्डरची मुलगी: दादा, पेटवताना घरातलं कोण कोण होतं तिथे?

टेरेसवाला: पुतण्या होता. आठ वर्षांचा. परवा अंगात कणकण होती म्हणून शाळेत नव्हता गेला, आम्ही पावसात भिजला म्हणून सोडून दिलं. फोन करतो आत्ता वहिनीला.