चिपळूणच्या जुन्या घराच्या ११ खिडक्या बदलाव्यात का? आणि गाडीच्या पडवीत हत्यारं कोणती ठेवावीत?

वाशिष्ठीकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं घर चिपळुणात, आजोबांनी बांधलेलं. भिंती जांभ्याच्या, वर कौलं. खिडक्या ११. चौकटी सागाच्या, मधे लोखंडी गज, दोन-दोन झडपा. गेल्या पावसाळ्यात पश्चिमेच्या खोलीत रात्रभर पाणी आत येत होतं. आईला दम्याचा त्रास, आणि तिच्याच पलंगाची गादी भिजली. म्हणून एका कंत्राटदाराला बोलावलं. पाच मिनिटांत घर फिरून म्हणाला, सगळ्या काढा, यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, सरकत्या (स्लायडिंग) बसवू, चौरस फुटाला ७५० रुपये. जुनं लाकूड तोच नेणार. माझं मन तयार होत नाहीये, पण आईला पुन्हा ओलीत झोपवायचंही नाही.

दुसरी गोष्ट. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी पडवीत छातीपर्यंत होतं. बाबांची हत्यारांची पेटी दोन दिवस गाळात राहिली. त्याच पडवीत आता गाडी आणि स्कूटर उभी असते. हत्यारं नव्याने जमवायची आहेत. १०० नगांचा तयार संच स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

देवगडचा रंधा:
दादा, लाकूड कुणालाही देऊ नका. आधी हातात डिसमिस घ्या आणि प्रत्येक चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत टोचून बघा. साग चांगला असेल तर टोक जेमतेम रुततं आणि टणक आवाज येतो. कुजला असेल तर ओल्या खोबऱ्याच्या वडीत सुरी जावी तसं आत जातं. कुजतं ते बहुतेक वेळा खालीच. उभ्या पट्टीचं तोंड तिथे टेकलेलं असतं आणि ते तोंड पाणी ओढून घेतं. वरचं चार फूट लाकूड ठणठणीत असतं.

आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, तुमच्याकडेही तसाच. त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या खिडक्यांचा हिशोब वेगळा, बाकीच्यांचा वेगळा. सगळ्यांना एकच औषध कशाला? मी माझ्या घरात दोनच बदलल्या, बाकी सुताराकडून दुरुस्त करून घेतल्या. छज्जा किती बाहेर आहे तेही बघा. नऊ इंचाचा छज्जा आडव्या पावसाला काय पुरणार?

ज्या बदलाल त्यांना स्लायडिंग नको, बाहेर उघडणारी झडप घ्या. झडप बंद केली की रबराच्या गॅस्केटवर दाबून बसते. स्लायडिंगच्या खालच्या रुळात पाणी साचतं. ते बाहेर जायला भोकं ठेवलेली असतात, ती मातीने बुजली की पाणी खोलीत. यूपीव्हीसीच्या आत गॅल्व्हनाइज्ड पोलादाची पट्टी आहे का ते कापलेल्या तुकड्यातून डोळ्यांनी बघा. आणि गजांचं विसरू नका. तुमचे गज चौकटीतच ओवलेले आहेत. चौकट गेली की गजही गेले, मग ग्रिलचा खर्च वेगळा.

माप घेताना रुंदी वर, मधे, खाली अशी तीनदा घ्या, उंचीही तीनदा, आणि सगळ्यात लहान आकडा धरा. दोन्ही कर्ण मोजा, जुन्या जांभ्याच्या भिंतीत गुण्या (काटकोन) क्वचितच जुळतो. चारी बाजूंनी साधारण ५ मिमी फट सोडायला सांगा, कारण हे प्लास्टिक उन्हात ॲल्युमिनियमपेक्षा बरंच जास्त फुगतं. टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच मात्र एकदा तयार झाली की कापता येत नाही. मापात चूक झाली की ती वाया.

सातपूरकर:
१०० नगांच्या संचातले ७० नग तुमच्या हातात कधीच येणार नाहीत. मी २२ वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो. ८ इंची पक्कड, दोन चपटे आणि दोन फुलीचे डिसमिस, ८ ते १९ मिमीचे रिंग पाने, हॅक्सॉ, हातोडी, एक अर्धगोल कानस. खिडक्यांसाठी गुण्या, लेव्हल आणि १२ व २५ मिमीच्या पटाश्या. एवढ्यात घर आणि स्कूटर दोन्ही निभावतं. घट्ट नटाला रिंग पानाच लावा, तो सगळ्या कोपऱ्यांवर धरतो. तोंडाचा पाना दोनच बाजू पकडतो आणि नट गोल करून ठेवतो. हत्यारं बनवणाऱ्या टपारिया कंपनीचा कारखाना आमच्या नाशिकच्या सातपूरलाच आहे. त्यांची पक्कड माझ्याकडे अजून रोजच्या वापरात आहे.

आणि बाबांची पेटी टाकली नाही ना? पोलाद असं मरत नाही. पात्यांना एक दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा, तारेच्या ब्रशने घासा, धुऊन पूर्ण कोरडं करा, लगेच मशीन ऑइल लावा. नवी फळी भिंतीवर पुराच्या खुणेच्या वर ठोका.

वाशिष्ठीकाठ:
दोघांचे मनापासून आभार. काल सगळ्या २२ कोपऱ्यांत टोचून पाहिलं. आईच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या खालून गेलेल्या आहेत, एकीत तर डिसमिस मुठीपर्यंत शिरला. त्या दोन बदलतोय, बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या, वर दोन फुटी छज्जासकट. स्वयंपाकघराच्या खिडकीचा एकच कोपरा मऊ लागला. बाकी आठ ठणठणीत. पेटी माळ्यावर सापडली. रंध्याचं लाकूड फाटलंय, पण पातं आणि तीन पटाश्या व्हिनेगरमधून निघाल्या. एकीच्या मुठीवर बाबांनी तापल्या खिळ्याने कोरलेलं अक्षर अजून वाचता येतं. सुतार रविवारी येतोय. स्वयंपाकघराच्या चौकटीला तुकडा जोडायचा तर किती वर कापायला सांगू?

देवगडचा रंधा:
मऊ भाग संपला की त्याच्या वर आणखी दोन इंच. तिथून तिरका सांधा घ्यायला सांगा, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाणी सांध्यात थांबणार नाही. तुकडा जुन्या सागाचाच लावा. बदललेल्या दोन खिडक्यांतून भरपूर मिळेल.