हरिहरच्या पायऱ्या इंग्रजांनी का सोडल्या?

अनेक जण सांगतात की इंग्रजांनी इतर किल्ल्यांच्या वाटा तोडल्या, पण नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या 'सौंदर्य पाहून' राखल्या. ऐकायला गोड आहे, पण मला ते पटत नाही. 1818 च्या एप्रिलमध्ये शेजारचा त्र्यंबकगड पडला आणि त्यापाठोपाठ या भागातले सतरा किल्ले इंग्रजांच्या हवाली झाले. हरिहर त्यातलाच, इथे लढाई झालीच नाही. कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने मात्र या चढाचा धसका घेतलेला दिसतो. भिंतीला टेकवलेल्या शिडीशीच त्याने या वाटेची तुलना केली आहे.

आणि खरंच, ते काम जवळून बघा. पायऱ्या कातळातूनच कोरून काढलेल्या, दोन्ही बाजूंना हात अडकवायला खोबण्या. वरच्या दरवाजातून आत शिरलं की पुढची वाट कड्याच्या पोटात खोदलेली. डोक्यावर कातळ, एका बाजूला दरी, वाकूनच जावं लागतं. त्यानंतर पुन्हा पायऱ्या. वर शत्रू आला तरी एकेकटाच येणार!

किल्ल्याने हात बदलले ते बहुतेक वेळा राजकारणाने. 1636 मध्ये शहाजीराजांनी त्र्यंबकसोबत हाही मोगलांना दिला, 1670 मध्ये शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळ्यांनी परत घेतला.

बाकी, पावसाळ्यातल्या रविवारी पायथ्याच्या निरगुडपाड्याहून जायचा बेत असेल तर सरळ रद्द करा. चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर अडकतात, आणि कडेला सरकायला जागाच नसते.