मदत हवी आहे: गॉर्लिन सिंड्रोम, मुलाच्या जबड्यातली सिस्ट परत आलीय

नमस्कार मंडळी, मुलगा १४ वर्षांचा आहे, दोन वर्षांपूर्वी खालच्या जबड्यात उजवीकडे सिस्ट निघाली, ऑपरेशन झालं, टाके सुकले, आम्ही म्हटलं सुटलो. आता एक्सरे काढला तर तिथंच परत आणि वर डावीकडे अजून एक! बायोप्सीत केराटोसिस्ट (काढली तरी परत यायची सवय असलेली जबड्यातली सिस्ट) आलंय. नव्या डॉक्टरांनी त्याचे तळहात पाण्यात भिजवून बघितले तर टाचणी टोचल्यासारखे बारीक खड्डे, म्हणाले गॉर्लिन (जीनमधल्या दोषामुळे होणारा, घराण्यात चालणारा आजार, यात जबड्यात सिस्ट आणि त्वचेचे कॅन्सर होत राहतात) असणार, त्यासाठी पीटीसीएच१ जीनची टेस्ट पाठवलीय. तसेच खड्डे माझ्याही हातावर आहेत, मी इतकी वर्षं भांडी घासून झाले समजत होते 😅

आता दोन मतं पडलीत. एक सर्जन म्हणतात सिस्टला खिडकी पाडून नळी ठेवू, घरी रोज सलाईनने धुवा, काही महिन्यांत आकसली की मग काढू, म्हणजे जबड्यातली ओठाला जाणारी नस आणि यायचे दात वाचतील. दुसरे म्हणतात आत्ताच पूर्ण काढा, आजूबाजूचं हाड थोडं घासून कार्नॉय सोल्युशन (उरलेल्या पेशी मारणारं औषध) लावू, नाहीतर परत येणारच. जबडा कापायचं मात्र दोघंही नको म्हणतात, तेवढंच बरं.

कोणाच्या घरी नळीवाला प्रकार झालाय का? शाळेतलं पोर सांभाळतं का ते, जेवताना अन्न अडकतं का? कार्नॉयनंतर ओठ बधिर राहिला का? आणि गॉर्लिनमध्ये रेडिएशन जमेल तितकं टाळायचं असतं ना, मग फॉलोअपला सारखं सीटी न करता एमआरआयवर कोणाचं भागलंय का? सोमवारी तारीख द्यायचीय.